दिवाळीला थांबणारा वर्ग

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, चर्चमधला. माझ्यावर पाढे कोणी लिहिले नाहीत, की माझ्यासमोर कोणाच्या हातावर छडी बसली नाही. माझे विद्यार्थी मिशीवाले होते, नातवंडंवाले होते. मित्रांनो, मोठ्या माणसांचाही वर्ग असतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. खडूची भीती तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वाटते.

माझा जन्म बीडला कासम मिस्त्रींच्या दुकानात झाला. एका पाडलेल्या घराच्या सागवानी दारापासून त्यांनी मला घडवलं. पालीजवळच्या आमच्या गावातले शलमोन गुरुजी मला न्यायला आले, तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "ह्याच्यावर काय लिवनार, गुरुजी?"

"देवाचं," गुरुजी म्हणाले.

"मंग थांबा. रंगाचा अजून एक हात मारतो. देवाचं काम हाय, पोपडे न्हाई निघाले पायजे."

तो हात आजवर टिकला आहे. एसटीच्या टपावरून मी गावाला आलो आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याशी ओळख करून घेतली.

चर्चमध्ये दर रविवारी उपासना संपली, की प्रौढांचा वर्ग भरे. हा वर्ग पुरा करून मंडळीसमोर प्रश्नांची उत्तरं दिली, म्हणजे दृढीकरण होई. दृढीकरण झालं, तरच प्रभुभोजनाच्या वेळी फिरणाऱ्या भाकरीच्या ताटाला हात लावायची मुभा. वर्ग जूनमध्ये सुरू होई आणि ईस्टरच्या तोंडावर संपे. गुरुजी मला तिवईवर ठेवत, कधी बाहेर लिंबाखाली नेत. सगळ्यांना वाचता येत नसे, म्हणून ते चित्रं काढत. त्यांचा आदाम हुबेहूब गावच्या पोस्टमनसारखा दिसे, पण हसायची कोणाची छाती नव्हती. "फळा लई चांगला हाय, समदं दिसतंय," असं बाया म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

ह्या वर्गात बायनाबाई होती. लग्न होऊन गावात आली, त्या वर्षापासून ती पुढच्या रांगेत बसायची. आदाम-हव्वा, नोहाचं तारू, दहा आज्ञा, सगळं तिला तोंडपाठ. पण दिवाळी झाली, की ऊसतोडीची टोळी पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघे आणि टोळीबरोबर बायनाबाईही. ती परत येई, तेव्हा वर्ग संपलेला असे. नियम असा, की वर्ग एकाच सालात, सलग पुरा झाला पाहिजे. म्हणून पुढच्या जूनला तिची गाडी पुन्हा आदामापासून सुरू होई.

"गुरुजी," ती एकदा म्हणाली, "माजा येशू गव्हानीतच पडून हाय बगा. तितून उठायच्या आत ट्रॅक्टर येतो."

सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी चर्चच्या पंचांकडे विषय काढून पाहिला, पण नियम काही हलला नाही. पुढे गुरुजी थकले आणि एका उन्हाळ्यात प्रभूमध्ये निजले.

त्यानंतर माझे दिवस फिरले. चर्चला प्रोजेक्टर आला. त्याचा पांढरा पडदा टांगायला पक्का आधार हवा होता. म्हणून मला तिवईवरून उचललं, भिंतीला लावलं, चारी कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि माझ्या तोंडावर पडदा सोडला. मित्रांनो, कोंडून घालणं म्हणजे काय, ते मला विचारा. पुढे कापड, मागे चुना. उन्हाळ्यात भिंत तापे, पावसाळ्यात ओल पाठीत शिरे. एक कोळी मागच्या फटीत राहायला आला, तेवढीच काय ती सोबत. आवाज सगळे ऐकू येत, पण माणूस दिसत नसे. मला फार राग येई. रडूही येई, पण फळ्याच्या डोळ्यांना पाणी कुठून आणायचं?

बायनाबाई मला आवाजावरून ओळखू येई. तिचा आवाज जाड होत गेला, उठताना ती गुडघ्यांवर हात टेकून "देवा" म्हणू लागली. प्रभुभोजनाच्या रविवारी ताट फिरे. तिच्याजवळ पावलं थांबत नसत, सरळ पुढे जात. ते मला पडद्याआडूनही कळे. मी भिंतीला अडकलो होतो आणि ती दिवाळीला.

गेल्या वर्षी वर्ग शिकवायला रोहिणी आली. ती चर्चच्या पाळकसाहेबांची सून, बोलायला धीट. दिवाळी जवळ आली, तेव्हा एका रविवारी बायनाबाई मध्येच उठली.

"बाई, मी आता येत न्हाई वर्गाला."

"का हो, मावशी?"

"अर्ध्या जेवनावरनं कितींदा उठायचं? गुडघे गेले, तरी जोवर कोयता उचलतोय, तोवर उसाच्या फडावर जावंच लागतंय. मंग त्या ताटाला हात कवा लावू, मेल्यावर?"

दारातून आप्पांचा खोकला ऐकू आला. आप्पा म्हणजे मंडळीतले सगळ्यांत जुने पंच, नियमाचे कडक. रोहिणीनं त्यांना गाठलं. "आप्पा, मावशींना ह्या वर्षी सूट द्या."

"न्हाई, पोरी. आज हिला सूट दिली, तर उद्या समदेच अर्ध्यावरचे येतील. नियम म्हंजी नियम."

"आप्पा, एक इचारू?" बायनाबाई म्हणाली. "दिवाळीला टोळी कोन नेतं?"

मित्रांनो, आप्पा रविवारी पंच होते आणि बाकीचे दिवस मुकादम. टोळी तेच जमवत आणि तेच फडावर नेत.

"मीच नेतो की," आप्पा म्हणाले.

"मंग वर्गातनं उठवनारे बी तुमीच, अन् गैरहजर म्हनून नापास करनारे बी तुमीच. आता मी कुनाकडं जाऊ, सांगा."

इतक्या वर्षांत हे दोन आप्पा कोणी एकमेकांशेजारी उभे केले नव्हते, खुद्द आप्पांनीही नाही.

रोहिणी हळूच म्हणाली, "आप्पा, तुम्ही सगळा हंगाम तिकडेच असता. तुमचं दृढीकरण झालेलं आहे. उरलेले धडे फडावर तुम्हीच घ्या."

"मी? मला कुटं शिकिवता येतंय?"

"मला तरी ऊस तोडता कुटं येत हुता?" बायनाबाई म्हणाली. "तुमीच शिकिवलात."

आप्पांनी शेवटची सबब काढली. "तितं पाचटाच्या कोपीत लाईट न्हाई. पडदा कसा चालायचा?"

तेव्हा रोहिणीनं दोरी ओढली आणि पडदा सर्रकन वर गेला. कितीतरी वर्षांनी मला माणसं दिसली. बायनाबाईचे केस पांढरे झाले होते.

"हा आहे की," रोहिणी माझ्यावर थाप मारून म्हणाली.

पट्ट्या गंजल्या होत्या. आप्पांनी स्वतः पहार घातली. माझा एक कोपरा तुटला आणि मी मोकळा झालो. दुखलं खूप, पण त्या दुखण्याची मला तक्रार नाही.

दिवाळीनंतर गोधड्या, कोयते, भांडी ह्यांच्याबरोबर ट्रॉलीत बसून मी फडावर गेलो. रविवारी दुपारी ट्रक भरून झाला, की कोपीला टेकून मी उभा राही आणि टोळी पाचटावर बसे. आप्पांची चित्रं गुरुजींपेक्षाही भयंकर. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या डोक्यावर मुकादमाची टोपी असे. खडू मोडत, धडा विसरत आणि विसरले, की टोळीवरच ओरडत. पण वर्ग त्यांनी कधी चुकवला नाही.

ईस्टरच्या आधी आम्ही परतलो. पाळकसाहेबांनी मंडळीसमोर बायनाबाईला पहिल्यापासून सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "येशूच्या कबरीवरच्या धोंडीचं काय झालं?"

"लोटली हुती. बांधावरनं उसाची मोळी लोटावी तशी."

असं उत्तर पुस्तकात नव्हतं. तरी पाळकसाहेबांनी मान डोलावली. आप्पा मात्र खाली बघत बसले, कारण मोळीचा दाखला त्यांचाच होता.

ईस्टरला भाकरीचं ताट फिरलं. ते आप्पांच्या हातात होतं आणि मी दाराशी टेकून सगळं बघत होतो. आप्पा बायनाबाईपुढे येऊन थांबले. भाकर घ्यायला हात कसा धरायचा, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. ती गोंधळली. मग तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. आप्पांनी तुकडा त्यात ठेवला, पण त्यांचा पाय काही पुढे निघेना. मागच्या रांगेतल्या माणसांना बराच वेळ वाट बघावी लागली.

आता मंडळी म्हणते, फळ्यानं मोठं काम केलं, त्याला मानानं भिंतीवर बसवू, वर दिवा लावू. मित्रांनो, माझी एवढी विनवणी त्यांच्या कानावर घाला. मानाच्या नावाखाली मला पुन्हा ठोकू नका. कोणी वर्गातून अर्ध्यावर उठून गेलं, तर त्याला गैरहजर म्हणण्याआधी त्याला कोण घेऊन गेलं, ते विचारा. टोळीत ह्या वर्षी नव्या सुना आल्या आहेत. जूनमध्ये त्या आदामापासून सुरुवात करतील आणि दिवाळीला निघतील. तेव्हा मलाही ट्रॉलीत टाका. भांड्यांखाली टाकलंत, तरी चालेल.