पहिलं बोट दादांचं

दोष जयवंत घाडीचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मशीनवर ढकलायला नको. ते मशीन म्हणजे मी. डिलाईल रोडला चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, घाडींच्या भाड्याच्या घराला बसवलेला बोटाचा लॉक बोलतोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही, आणि त्याने काही फरकही पडत नाही. काम एकच शिकलो. बोट बघायचं, ओळखीचं असलं तर दार उघडायचं. वडीलधाऱ्यांनी मला तेवढंही धड करू दिलं नाही.

जयवंत रिटायर झालेला, दादरला मुलाकडे राहतो. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात हे घर मिळालं, ते अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याला देतो. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, घर स्मार्ट केलं की भाडेकरू चांगला मिळतो. मग दाराला मी, बाथरूममध्ये मोबाइलवर चालणारा गिझर, हॉलमध्ये वायफाय. गिझरच्या नाड्या जयवंतच्या मोबाइलमध्ये, माझी नाडी नुसती बोटात. आणि मोबाइल अर्धा वेळ चार्जिंगला, आवाज बंद करून.

मला बसवलं राजरत्नने. त्याचं चावीचं दुकान टॉवरच्या खालीच, नाक्यावर. हात साफ, बोलणं त्याहून साफ. त्याने जयवंतला उभं करून समजावलं होतं, "काका, पहिलं बोट मालकाचं. त्या बोटाशिवाय पुढे कुणाचं बोट घालता येणार नाही की काढता येणार नाही. जो जवळ राहतो, त्याचंच लावा."

जयवंतने मान डोलावली. मग नारळ फुटला, माझ्या काचेवर हळदकुंकू लागलं, ते पुसताना राजरत्नचं तोंड बघण्यासारखं झालं. कणकवलीहून थोरले भाऊ बाबुराव पूजेला आले होते. जयवंत हात जोडून म्हणाला, "दादा, पहिलं बोट तुमचं. तुम्ही असताना मी पुढे कसा होऊ?"

बाबुरावांनी बोट टेकवलं. मी टुणकन वाजलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं. मुंबईतल्या घराचा मालक कणकवलीला जाऊन बसला.

नवे भाडेकरू त्याच आठवड्यात येणार होते म्हणून बाबुराव चार दिवस थांबले. गौतम, बसवर कंडक्टर. त्याची बायको नम्रता, लालबागला मसाल्याच्या गिरणीत मिरच्या निवडायला जायची. त्यांची मुलगी माया, अडीच वर्षांची. दोघांचं एकेक बोट घातलं. राजरत्न म्हणाला, "दोन-दोन घाला." जयवंत म्हणाला, "एकेक पुरे, दादांची गाडी आहे." माझ्यासोबत दोन साध्या किल्ल्या आल्या होत्या, अडीनडीला. त्याही पूजेतल्या म्हणून जयवंतने दादांच्या पिशवीत घातल्या.

आता घराचा कारभार ऐका. नम्रताला आंघोळीला गरम पाणी हवं असलं की दादरला फोन लावावा लागायचा.

"काका, गिझर लावता का?"

"आत्ता? मघाशी गौतम गेला ना आंघोळीला?"

"काका, तो गेला. आता मी जातेय."

एका बाईला स्वतःच्या आंघोळीची वेळ रोज घरमालकाला कळवावी लागते, आणि त्याला हे लोक सोय म्हणतात. वायफायचंही तेच. पासवर्ड जयवंतच्या मुलाला माहीत, आणि मुलगा मीटिंगमध्ये.

पण खरी कटकट माझीच होती. मिरच्यांची देठं खुडून खुडून नम्रताच्या बोटांची कातडी सोलवटलेली असायची. दहापैकी पाच वेळा मी तिला ओळखायचो नाही. ती बोट पुसायची, पदराला घासायची, परत लावायची. मी लाल दिवा दाखवायचो. मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू.

तिने जयवंतला तीनदा सांगितलं. दुसरं बोट घाला, नाहीतर साधी किल्ली द्या.

"दादा आले की करू."

"कधी येणार?"

"अगं, भातकापणी झाली की."

भात कापून झाला. शिमगा झाला. आंबे उतरले. दादा आले नाहीत, कारण दादांना कुणी बोलावलंच नाही. एका बोटासाठी एवढ्या लांब या, असं थोरल्या भावाला कसं सांगायचं, म्हणून जयवंत नऊ महिने गप्प. माझ्या मते हा मान नव्हे, नुसता घाबरटपणा.

मग तो सोमवार. सकाळचे साडेनऊ. गौतम ड्युटीवर. गॅसवर दूध ठेवून नम्रता कचऱ्याची बादली द्यायला दाराबाहेर आली. चौदाव्या मजल्यावरचं वारं. मागून दार धाडकन लागलं, आणि मी शिकवल्याप्रमाणे बंद झालो.

माझं अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. बाहेर नम्रता बोट लावत होती. आत माया दाराशी येऊन उभी होती, तिचा हात माझ्या आतल्या मुठीपर्यंत पोचत नव्हता.

एकदा, दोनदा, पाचदा. पाच वेळा चुकलं की मी काही मिनिटं कुणाचंच ऐकत नाही. तसंच बनवलंय मला. एरवी ते ठीकच, चोरासाठी आहे. पण आत गॅसवर दूध होतं.

"माया, तिथेच बस! किचनमध्ये जायचं नाही हं, राणी!"

"आई, दार उघड."

ओरडा ऐकून समोरच्या मीराबाई आल्या. चाळीत घाडींच्या शेजारच्या खोलीत राहिलेल्या, जयवंतला चड्डीत बघितलेल्या. त्यांनी फोन करून खालून राजरत्नला बोलावलं आणि जयवंतचा नंबर लावून मोबाइल नम्रताच्या हातात दिला. नशीब, जयवंतने उचलला.

"काका, माया आत अडकलीय. लॉक तोडायला लागेल."

"तोडू नका! एक मिनिट. दादांना विचारतो. त्यांच्या हातची पूजा झालीय त्याची..."

मीराबाईंनी फोन ओढून घेतला. "जयवंता, आत पोर आहे आणि गॅस चालू आहे. तुझा दादा तिकडे चहा पीत असेल. ठेव फोन."

राजरत्न ड्रिल घेऊन धापा टाकत पोचला. "मालकाची परवानगी?"

"मी देते. लाव."

त्याने मला आरपार भोक पाडलं. दुखलं का विचाराल तर नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लवकर कर रे बाबा.

दार उघडलं. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, किचनभर गॅसचा वास. माया दारामागे आईची चप्पल पोटाशी धरून बसली होती. नम्रताने आधी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, आणि मग खाली बसून मायाच्या केसांत नाक खुपसलं. मीराबाई म्हणाल्या, "हुश्श." तो शब्द माझ्याही तोंडचाच होता, मला तोंड असतं तर.

संध्याकाळी जयवंत आला. सगळ्यांसमोर दादांना फोन लावला. बाबुराव पलीकडून ओरडले, "अरे, माका काय म्हायत माझ्या बोटाबिगर अडता ता? तू माका कधी सांगलंस?"

बाबुरावांनी तरी पूजेच्या दिवशी विचारायला हवं होतं, हे बोट कशाला. मान मिळाला की म्हातारे काही विचारत नाहीत.

नम्रताने आवाज न चढवता सांगितलं, "काका, हे सगळं साधं करा, नाहीतर आम्ही महिन्याभरात घर सोडतो."

राजरत्नने साधं कुलूप बसवलं. एक किल्ली नम्रताकडे, एक गौतमकडे, एक मीराबाईंकडे, चाळीत असायची तशी. जयवंतकडेही एक, पण येण्याआधी फोन करायचा या बोलीवर. भाडेकरू बदलला की कुलपाचं आतलं नळकांडं बदलायचं, एवढंच. गिझरला भिंतीवरचं बटण आलं. दारामागे एक कागद चिकटवला, त्यावर वायफायचा पासवर्ड, कुठलं बटण कशाचं, आणि बिघडलं तर कुणाला फोन लावायचा. माया आता त्या कागदावर खडूने रेघा ओढते.

मी राजरत्नच्या दुकानात, काउंटरवर असतो. पोटात भोक, काचेच्या कडेला अजून थोडं कुंकू. घर भाड्याने देणारं कुणी आलं की तो मला उचलून दाखवतो. "हे बघा. पहिलं बोट कुणाचं घालणार ते आधी ठरवा, मग पैसे काढा." लोक भोकात बोट घालून बघतात. मला चालतं. आता कुणाला ओळखायचं नाही, कुणाला अडवायचं नाही, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला दारावर कधी वाटलं नव्हतं.

तुमच्याकडे भाडेकरू असेल, तर घर चालवायच्या वस्तू त्याच्या हातात द्या. थोरल्यांना मान द्यायचा असेल तर जेवायला बोलवा.

माया वाचली. माझं दार गेलं.