चमेली निवडलेली की नाही

सालेकशाच्या ख्रिस्ती मंडळीत चौतीस माणसं होती आणि त्यातल्या दोघांना देव पूर्ण कळलेला होता. एक पाळक देवेंद्र. दक्षिणेकडच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात तीन वर्षं शिकून तो नुकताच परतला होता. दुसरे मंडळीचे पंच टेकचंद, रेल्वेतून पॉइंटमन म्हणून, म्हणजे रूळ बदलून गाड्या सोडायच्या कामावरून, निवृत्त झालेले. या दोघांना देव कळल्यापासून देवाचीच पंचाईत झाली आहे, असं सुशीलाबाईंचं मत होतं. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या या बाईंना प्रवचन ऐकता ऐकता प्रवचन देणाऱ्याला मनातल्या मनात धुऊन काढायची सवय होती.

दोघांचं भांडण लागलं ते चमेलीवरून. चमेली जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या पाड्यावरची, पन्नाशीची गोंड विधवा. आठ महिने ती दर रविवारी सात किलोमीटर चालत यायची, दाराजवळच्या चटईवर बसायची आणि कुणाशी न बोलता परत जायची. दिवाळीनंतर तिनं बाप्तिस्मा मागितला. टेकचंद म्हणाले, देऊन टाका. देवेंद्र म्हणाला, थांबा.

देवेंद्रचं म्हणणं असं की, माणूस पापात मेलेला आहे आणि मेलेला माणूस देवाला शोधत नसतो. जगाच्या आधीच देवानं ज्यांना निवडलं तेच खरे येतात, बाकीचे आल्यासारखे दिसतात. तेव्हा चमेलीत निवडीची चिन्हं दिसेपर्यंत घाई नको. टेकचंदांना हे मान्य नव्हतं. देव सगळ्यांना हाक मारतो, हो की नाही ते माणसाच्या हातात, असं त्यांचं ठाम मत. "मी सोता हो म्हटलं होतं, पंच्याऐंशी साली," असं ते सांगायचे, जणू देवाची अडलेली गाडी त्यांनीच सोडली अशा थाटात.

सुशीलाबाईंनी नोकरीत मेलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. त्यातलं एकही सात किलोमीटर चालत आलेलं नव्हतं.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जाहीर चर्चा ठरली. देवेंद्रनं गोंदियाहून प्रोजेक्टर मागवला. टेकचंदांनी अकरा पानं लिहून आणली. पत्र्याच्या हॉलमध्ये दोघांच्या टेबलांच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिच्यावर चमेलीला बसवलं. ही उलटतपासणी आहे की लिलाव, तेवढंच सुशीलाबाईंना कळेना.

दीड तास झाला. भिंतीवर बाण आले, चौकोन आले, मनुष्यस्वभावाच्या भ्रष्टतेचे पाच मुद्दे आले. टेकचंदांचं सातवं पान पंख्यानं उडालं, तरी ते आठव्यावर गेले आणि फरक कुणालाच पडला नाही. मग देवेंद्र खुर्चीकडे वळला.

"चमेलीबाई, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही निवडलेल्या आहात का?"

चमेली गोंधळली. "मी तं उभीच नोती रायली, साहेब. सरपंचाच्या टायमाले बी नाई."

मागे दोघी-तिघी फिसकन हसल्या. देवेंद्रचा चेहरा पडला. "निवडणूक नाही हो. देवानं निवडणं. तुम्ही इथं येता ते कशाला येता?"

"इचारायले येतो."

"काय विचारायला?"

चमेलीनं पदर बोटाला गुंडाळला. मग खाली बघत ती बोलत गेली. चार वर्षांमागची गोष्ट. धाकट्या जावेशी तिचा बांधावरच्या मोहाच्या झाडावरून अबोला होता. पहाटे चमेली त्या झाडाखाली फुलं वेचत होती. जावेचा नवरा, म्हणजे चमेलीचा दीर झाडू, बाहेरगावी गेलेला. घरातून जावेची हाक आली. दिवस भरले होते तिचे.

"तीन डाव हाक मारली तिनं. मी आयकली. मनात म्हटलं, मार हाका, झाड तुयं आहे ना. मी फुलं वेचत रायली. टोपली भरून घरात गेली तं बाई थंडी पडून होती. लेकरू बी." तिनं मान वर केली. "मले आयकूच नाई आलं, असं सांगतलं सगळ्याइले. आता इचारतो, याची माफी भेटते का नाई?"

 टेबलांमागच्या दोघांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून सुशीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघंही खूश झाले होते.

"हेच!" देवेंद्र म्हणाला. "माणूस मुळात किती भ्रष्ट आहे, याहून मोठं उदाहरण काय पाहिजे?"

"अन् पस्तावा कोणाचा?" टेकचंदांनी टेबलावर हात मारला. "तिचा सोताचा! तिच्या मर्जीचा!"

"तो पश्चात्तापही देवानंच दिलेला."

"मंग ज्याइले नाई देला त्याइचा काय गुन्हा?"

दोघं पुन्हा जुंपले. चमेली इकडून तिकडे बघत राहिली. सुशीलाबाई उठल्या, पुढे गेल्या आणि त्यांनी प्रोजेक्टरची पिन उपटली.

"तुमाले एका बाईनं एक सवाल इचारला," त्या म्हणाल्या. "जबाब द्याले दोघाइचीबी जीभ नाई उचलली. मेलेलं कोण आहे, ते दिसून रायलं मले."

"सुशीलाबाई, हा सिद्धांताचा प्रश्न—"

"चूप बस." मग त्या चमेलीला म्हणाल्या, "भेटते माफी."

"तुमाले कसं मालूम?"

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता.  इतके महिने ही बाई दाराशी बसत होती आणि आपण तिच्या टोल्याचं नावसुद्धा विचारलं नाही, हे त्यांना त्या क्षणी टोचलं.

"झाडूले सांगतलं का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"चाल मंग. मी येतो संग."

दोघी ऑटोनं टोल्यावर गेल्या. झाडू अंगणात कुंपणाच्या काट्या बांधत होता. चमेलीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न झाकता. झाडूच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"चार वर्सं मी म्हणत रायलो, मी घरी असतो तं वाचली असती," तो म्हणाला. "रोज म्हणत रायलो. अन् तू आयकत रायली."

चमेली मातीत बसली. सुशीलाबाईंना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण मंडळीत ऐकलेलं एकही वाक्य त्या अंगणात उच्चारण्याजोगं नव्हतं. झाडू आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. त्यानं चमेलीकडे पाहिलं नाही.

"बसून काय रायली? बैलाले पाणी दाखव," तो म्हणाला.

चमेली उठली आणि बादली घेऊन गेली. ही माफी होती की नुसतं काम सांगणं, सुशीलाबाईंना कळलं नाही. चमेली मात्र रडत होती, आणि ते वेगळं रडणं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चमेली आली नाही. देवेंद्र म्हणाला, निवडलेली नव्हतीच. टेकचंद म्हणाले, हाती आलेलं तिनं स्वतःच सोडलं. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"ती आज दिराच्या शेतात काम करून रायली," सुशीलाबाई म्हणाल्या. "काल सगळं सांगतलं तिनं त्याले, कामाचं बी तवाच ठरलं. तिले बाप्तिस्मा द्याचा असन तं टोल्यावर या. सात किलोमीटर आहे. चालता येते का पहा."

दोघंही घड्याळाकडे पाहू लागले. सुशीलाबाईंनी छत्री उचलली आणि उपासना अर्धी टाकून उन्हात टोल्याच्या रस्त्याला लागल्या.