मागच्या खोलीतला रामनाथ

रामनाथ झोपला होता आणि त्याच्याभोवती कुणीतरी खोली मोजत होतं.

टेपचा पिवळा पट्टा त्याच्या अंगावरून सरसरत गेला, भिंतीला टेकला आणि परत फिरला. त्याला वाटलं, स्वप्नच आहे. दुपारच्या झोपेत त्याला नेहमी धागे दिसत. पांढरे, हजारो, एकाला एक लागून. आजचा पिवळा होता, एवढंच.

"काका, पाय जरा वर घ्याल?"

त्यानं पाय वर घेतले आणि मग डोळे उघडले. समोर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण उभा होता. दाराशी रामनाथची बायको कमळ तांदळाची परात घेऊन थिजल्यासारखी उभी होती.

"मी देवेश. मानकोलीचा," तरुण म्हणाला. "इद्रीसचाचांचं घर मी घेतोय. बोलले असतील ना तुम्हाला?"

"न्हाय," रामनाथ म्हणाला.

देवेश जरा चपापला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "महिन्याभरात खोली मोकळी करून मिळेल, असं चाचा बोललेत. टेम्पो मी देतो. हा कागद आहे, राजीखुशीनं सोडतो म्हणून. सही करून ठेवा."

रामनाथनं कागद उशीखाली ठेवला. देवेश गेला, तरी रामनाथ बराच वेळ कुशीवर पडून होता. झोप मात्र परत आली नाही.

एकतीस वर्षं तो त्या मागच्या खोलीत राहत होता. पुढच्या घरात मालक इद्रीसशेठ, मध्ये शेठची भिंत आणि हातभर बोळ. रामनाथ शहापूरकडचा. कापडाच्या लूमवर धाग्यांचा नवा रूळ, म्हणजे बीम, चढला की त्याचे धागे जुन्या बीमच्या धाग्यांना जोडायचे, हे त्याचं काम. लूमच्या मागे मांडी घालून बसायचं आणि दोन टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा. एक झाला की दुसरा. चारपाच तास असं बसलं की आजूबाजूचा खडखडाट विरघळून जाई, आणि समोर नुसतं पांढरं धुकं उरे. घरी येऊन तो झोपला की त्याची बोटं झोपेतही पीळ देत राहत. कमळ म्हणे, "तुमचा एक पाय कायम दुसरीकडंच असतो."

कमळचे मात्र दोन्ही पाय जमिनीवर होते. दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन कोर्टातल्या मोफत सल्ल्याच्या टेबलाशी गेली. तिथे उज्मा नावाची तरुण वकील होती. तिनं कागद वाचला आणि आधी विचारलं, "सही नाही ना केली?"

"न्हाय."

"करू नका. घर विकलं म्हणून भाडेकरू आपोआप हटत नाही, काका. तुमच्यासकटच तो घर घेतो. उद्यापासून इद्रीसचाचांच्या जागी तो, बाकी सगळं होतं तसंच. तुम्हाला काढायचं तर त्यानं कोर्टात यायचं, कायद्यात बसेल असं कारण दाखवायचं. तोवर कुणी कुलूप लावू शकत नाही, पाणी तोडू शकत नाही. तुम्ही मात्र भाडं थांबवायचं नाही."

रामनाथनं मान हलवली. "बीम बदलला तरी लूम तीच."

"तसंच समजा. भाड्याच्या पावत्या आहेत?"

पावत्या नव्हत्या. एकतीस वर्षं त्यानं भाडं हातातच दिलं होतं. लाइट बिल शेठच्या नावावर होतं.

"राशनकार्ड आहे, मतदार यादीत नाव आहे, तेवढ्यावर लढता येईल," उज्मा म्हणाली. "पण ते म्हणतील, हा घरचा माणूस होता, असाच राहत होता. इद्रीसचाचांनी एक ओळ लिहून दिली, की हे माझे भाडेकरू, तर तो वादच उरत नाही."

बाहेर आल्यावर कमळ म्हणाली, "मग विचारा त्यांना."

"त्यांनी मोकळी खोली द्यायचा शब्द दिलाय. त्या ओळीनं त्यांचा सौदा मोडंल."

"आणि आपण? आपण मोडत न्हाय?"



शुक्रवारी भिंतीपलीकडून नेहमीसारखा आवाज आला, "रामनाथ, उद्या अकलोलीला चलायचं ना?" जणू काही घडलंच नव्हतं. दर जानेवारीत दोघं गरम पाण्याच्या कुंडांवर जात. शेठचे गुडघे दुखत, रामनाथची पाठ.

सकाळच्या एसटीत दोघं शेजारी बसले. गोदामं मागे पडली, मग धुक्यातून भाताची रिकामी खाचरं तरंगत येऊ लागली. ती खरी होती की काचेवरच्या वाफेत उमटली होती, रामनाथला सांगता आलं नसतं. शेठ डुलक्या घेत होते. एका वळणावर त्यांचं डोकं रामनाथच्या खांद्यावर आलं आणि तसंच राहिलं. रामनाथ उतरेपर्यंत हलला नाही.

नदीकाठच्या कुंडात पाय सोडून दोघं बसले. वाफ इतकी होती की शेजारचा माणूस अर्धाच दिसत होता.

"तू काही बोलत का नाहीस?" वाफेतून शेठ म्हणाले.

"काय बोलू?"

"मुलगी, सफिया, केव्हाची बोलावते पनवेलला. एकट्याला आता जिना चढवत नाही. त्या देवेशला मी बोललो, मागं माझा माणूस राहतो, माझ्या शब्दावर निघेल. तोंडातून निघून गेलं. मग तुझ्यासमोर यायची हिंमत नाही झाली."

"तुमचा माणूस म्हंजे काय, शेठ?"

शेठ गुडघे चोळू लागले.

"मी भाडं दिलं. एक महिना चुकवला न्हाय. मेहेरबानीवर न्हाय राहिलो मी." एवढं सलग बोलायची रामनाथला सवय नव्हती. तो पाण्यातल्या आपल्या पावलांकडे पाहत होता. ती दुसऱ्याच कुणाची असावीत तशी दूर आणि फिकट दिसत होती.

"सफियाची अम्मी गेली," शेठ हळू म्हणाले, "तेव्हा चाळीस दिवस कमळनं माझ्या घरी जेवण पाठवलं. ते काय भाड्यात होतं?"

"ते भाड्यात नव्हतं. म्हणून तर लिहून द्या. भाड्याचं भाड्यात राहू दे. मग ते जेवणाचं कुणी त्यात मिसळणार न्हाय."

शेठनी पाय बाहेर काढले आणि टॉवेलनं एकेक बोट पुसलं. 

सोमवारी शेठ स्वतःहून रामनाथबरोबर उज्माच्या टेबलाशी गेले. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी अक्षरं त्यांनी शाळकरी पोरासारखी, जपून काढली. रामनाथ दामू भोईर, माझे भाडेकरू, मागची खोली, एकतीस वर्षं. त्यांनी तो कागद रामनाथच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच. चुकलं असेल तर सांग."

"बरोबर हाय," रामनाथ म्हणाला. 

देवेश दोनदा येऊन तावातावानं बोलून गेला. सौदा मोडला नाही, पण किंमत उतरली. किती, ते शेठनी कधीच सांगितलं नाही. फेब्रुवारीत सफिया गाडी घेऊन आली. सामान फारसं नव्हतंच. शेठ रामनाथच्या दारात आले, आत डोकावले आणि म्हणाले, "आतून कधी पाहिलीच नाही नीट. बरी आहे रे खोली." कमळनं पदर डोळ्यांना लावला. रामनाथ गाडीपर्यंत चालत गेला आणि गाडी वळल्यावरही काही वेळ तिथेच उभा राहिला.

पुढच्या महिन्यात देवेश भाडं घ्यायला आला. आवाज कोरडा होता, पण पावती त्यानं न मागता दिली. "पुढचं घर पाडून नवं बांधतोय," तो म्हणाला. "तुमच्या खोलीला हात लावत नाही. धूळ होईल थोडी."

आठवड्याभरात पुढचं घर उतरवलं गेलं. रामनाथ दुपारी कामावरून आला तेव्हा मजूर जेवायला गेले होते. खोलीची एकुलती खिडकी आजवर शेठच्या भिंतीकडे उघडत होती. आता तिथे भिंत नव्हती. विटांच्या ढिगावरून ऊन थेट आत आलं होतं, जमिनीवर, मडक्यावर, कमळच्या पाठीवर. एवढं ऊन त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं.

"डोळ्यांवर येतंय तुमच्या," कमळ म्हणाली. "लुगडं बांधू खिडकीला?"

"राहू दे."

तो त्या बाजूला तोंड करून पडला. उन्हात धूळ तरंगत होती, आणि ती खाली बसेपर्यंत तो पाहत राहिला.