परत आलेल्या शेवंडी

"सगळ्याच मेल्या का गं?" टॉर्किलने दारातूनच विचारलं. आत यायचा धीर त्याला होत नव्हता.

दनूतेने एका खोक्याचं झाकण काढलं, मग दुसऱ्याचं. शेवंडींच्या आधी त्यांचा वासच बाहेर आला. प्रत्येक नळीत एकेक शेवंड, तिने स्वतःच्या हातांनी ठेवली होती तशीच, शेपटी खाली आणि नांग्या वर. फरक इतकाच, की आता नांग्या लोंबत होत्या. तिने आणखी एक खोका उघडला, वाकून पाहिलं आणि बोटाने एकीला हळूच ढोसलं.

"एक आहे जिवंत," ती म्हणाली. "पण तिला हे न सांगितलेलंच बरं."

टॉर्किल हसला नाही. गाडीवाला अंगणात खाली मान घालून उभा होता. त्याचा काय दोष? स्पेनला निघालेली गाडी ग्लासगोच्या अलीकडच्या एका गोदामात अडकून पडली होती. देश युरोपच्या संघातून बाहेर पडला, आणि नव्या वर्षापासून कागद वाढले होते. मालासोबत जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागत होता, आणि त्या दाखल्यावरचा शिक्का चुकीच्या जागी पडला म्हणून अख्खी गाडी थांबली होती. गाडीत आणखी कुणाकुणाचे खेकडे होते, कालवं होती. सगळ्यांचीच माती झाली.

"गेल्या आठवड्यात गाडी निघालीच नाही, आणि ह्या आठवड्यात निघाली ती ही अशी परत आली," टॉर्किल म्हणाला. "आता काय?"

"आता ह्या धुवायच्या," दनूते नळ्यांकडे बघून म्हणाली आणि रबरी हातमोजे चढवायला लागली.

आर्डनाश गावच्या धक्क्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दनूते पंधरा हिवाळे काम करत होती. लिथुआनियातल्या क्लायपेडा बंदरातून ती एका उन्हाळ्यापुरती म्हणून आली होती. टॉर्किल पहाटे पिंजरे ओढून शेवंडी आणायचा आणि दनूते त्या जिवंत भरायची. एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींचे पाय तोडतात, म्हणून प्रत्येकीची नळी वेगळी. गार पाण्याने भिजवलेल्या त्या नळ्यांतून त्या झोपेत असल्यासारख्या स्पेनपर्यंत जायच्या. गावातल्या कुणी कधी त्या चाखल्याही नव्हत्या. आर्डनाशचे लोक मासा म्हणून हॅडक खात, तोही दुकानातून, पीठ लावून तळलेला.

स्पेनमधला व्यापारी फूको दर खेपेला तिला फोन करायचा. त्याचं इंग्रजी मोडकं होतं, हिचंही मोडकंच, म्हणून दोघांचं छान जमायचं. "बाईसाहेब, माझ्या मुली झोपल्या का?" असं तो विचारायचा. "झोपल्या, पांघरूण घालून पाठवते," ती म्हणायची. दोघांनी एकमेकांना कधीच पाहिलं नव्हतं. पण त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दनूतेने इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती. हे चर्च वेगळ्या पंथाचं होतं आणि तिथे मेणबत्त्या लावायची पद्धतच नव्हती, हा भाग वेगळा.

त्या दिवशी नळ्या धुऊन होत आल्या तेव्हा फूकोचा फोन आला. पण झोपलेल्या मुलींची चौकशी त्याने केली नाही.

"दनूते, मी आयर्लंडमधून माल घ्यायला लागलोय," तो म्हणाला. "तिकडून जहाज थेट फ्रान्सला येतं. कागदांची कटकट नाही. साथीमुळे आधीच अर्धी हॉटेलं बंद आहेत, मला मेलेला माल परवडत नाही."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"तुमच्यासारखं भरणारं तिथे कुणी नाही. नुसत्या कोंबून पाठवतात."

"त्यांना म्हणावं, शेपटी खाली."

"सांगतो. बाईसाहेब, तब्येतीला जपा."

फोन ठेवून ती बाहेर आली. टॉर्किल धक्क्याच्या कडेला बसून पाण्याकडे बघत होता. खाली बांधलेल्या पिंजऱ्यांत कालची ताजी पकड होती. सगळी जिवंत, आणि कुणालाच नको असलेली. त्याच्या होडीवरचा लाटव्हियन खलाशी आंद्रिस नाताळला घरी गेला होता, तो परत आलाच नव्हता. आता नॉर्वेत नोकरी मिळाली म्हणे.

दनूते त्याच्या शेजारी बसली. युरोपच्या संघात राहायचं की नाही ह्यावर मतदान झालं, त्या वर्षी टॉर्किलने होडीवर पाटी लावली होती, 'आमचा समुद्र आम्हाला परत द्या.' निकाल लागला त्या दिवशी दनूते नेहमीसारखी कामावर आली, नेहमीसारखे खोके भरले, फक्त दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागली. तो विषय मात्र दोघांनी कधी काढला नव्हता.

"कप्तान," ती म्हणाली, "तुम्ही मत दिलंत ना?"

"दिलं. मासा आमचा होता म्हणून दिलं. दुसऱ्यांच्या बोटी येऊन उपसून न्यायच्या."

"मग आता सगळा मासा तुमचा आहे."

"आहे."

"मग खा की."

टॉर्किलने तिच्याकडे रागाने पाहिलं. ती खाली पिंजऱ्यांकडे बघत होती. मग त्याला हसू फुटलं, न आवरणारं, खोकला येईपर्यंत. त्या महिन्यात तो पहिल्यांदाच हसत होता.

शनिवारी तिने शेडबाहेर गॅसची शेगडी मांडली आणि भलंमोठं पातेलं चढवलं. टॉर्किलची बायको शीना घरून लोण्याचे गोळे घेऊन आली. पातेल्यात टाकायला ताजा शेपू इन्व्हरनेसच्या लिथुआनियन दुकानातून मागवायचा दनूतेचा विचार होता, पण त्या दुकानाच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. काळा पाव नाही, दह्याचं चीज नाही. दुकानदारीण म्हणाली, माल येतो तेव्हा येतो, देवाला ठाऊक. शेवटी शीनाने फडताळातून वाळवलेला शेपू शोधून काढला. तो इतका जुना होता की त्याचा वासही निवृत्त झाला होता.

साथीच्या नियमांमुळे लोक एकमेकांपासून लांब लांब उभे राहिले. सगळ्यांत पुढे पोस्टाजवळ राहणारी म्हातारी एफी.

"असले किडे मी नाही बाई खाणार," ती म्हणाली. "ह्यांना डोळे आहेत."

"तुमच्या मेंढीलाही असतात, एफीआजी," दनूते म्हणाली.

"मेंढी माझ्याकडे बघत नाही ताटातून."

दनूतेने एक शेवंड मोडली, शेपटीतला पांढरा गर सोलला आणि लोण्यात बुडवून कागदावर ठेवून पुढे सरकवला. एफीने डोळे मिटून तो तोंडात टाकला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिने चावलं, गिळलं, आणि टॉर्किलकडे वळून ओरडली, "मेल्या! तुझा बाप आणि तू, साठ वर्षं हे त्या स्पॅनिश लोकांना देत होतात?"

त्या दिवशी पातेलं उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. शाळेच्या बाईंनी घरी न्यायला डबा आणला. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावातून मोटारी आल्या. दनूतेने लोकांना नांग्या कशा फोडायच्या ते दाखवलं, आणि शीना टोपीत पैसे गोळा करत प्रत्येकाला "कागद खाली टाकू नका" म्हणून दटावत राहिली. टॉर्किल गर्दीत मिरवत होता, जणू शेवंड त्यानेच शोधून काढली.

पण गाव ते गाव. एक अख्खं गाव आठवडाभर खाऊन जेवढं संपवायचं, तेवढं फूकोची गाडी एका खेपेत न्यायची. टॉर्किलने पिंजरे निम्मे केले. शनिवारच्या पातेल्यासाठी शेवंडी नळ्यांत भराव्या लागत नाहीत. सोमवारी दनूतेने शेडची फरशी धुतली, जी आधीच स्वच्छ होती. मंगळवारी पुन्हा धुतली.

मोठ्या शहरातल्या एका मासे-कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या कंपनीतून तिला फोन आला. बाई फार गोड बोलत होती. युरोपातून माणसं येईनाशी झालीत, आणि तुमच्यासारख्या अनुभवी हातांना आता खूप मागणी आहे, म्हणाली.

"किती दिवस काम असतं?" दनूतेने विचारलं.

"असेल तसं. सकाळी मेसेज येतो."

"आणि रजा?"

"काम नसेल त्या दिवशी रजाच की!" बाई स्वतःच्याच विनोदावर हसली. "तुमच्याकडे राहण्याच्या परवान्याचं कार्ड आहे ना?"

"कार्ड नसतं. सरकार फोनवर आकडा देतं. तो संगणकावर घालून तुम्हाला माझा परवाना बघता येतो."

"अरे बापरे. कार्ड असतं तर बरं झालं असतं."

दनूतेने विचार करून सांगते म्हटलं. मग आईला फोन केला. आई म्हणाली, परत ये, तुझी खोली तशीच आहे. खोली तशीच होती हे खरं, पण दनूते तशी राहिली नव्हती. तिथल्या बाजारात गेल्यावर आता ती 'हॅलो' इंग्रजीत म्हणायची आणि लोक तिच्याकडे पाहुणीसारखे बघायचे.

शुक्रवारी टॉर्किल शेडमध्ये आला. हातात पिवळा रबरी पोशाख होता, आंद्रिसचा. त्याने तो टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला.

"शीना म्हणते," त्याने सुरुवात केली.

"काय म्हणते?"

"माझा खांदा गेलाय. एकट्याने पिंजरे ओढणं होत नाही. आणि नवा खलाशी आता मिळत नाही, परदेशातून आणायचा तर सरकारला नवस बोलावा लागतो." तो थांबला. "शीना म्हणते, तुला विचार."

दनूते हसायला लागली. "कप्तान, मी समुद्रात कधी गेलेले नाही. मला बसमध्ये उलटी होते."

"ठाऊक आहे. पंधरा वर्षं समुद्राकाठी राहून तू पाय ओले केले नाहीस, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? कारखान्यात जाशील, सकाळी मेसेजची वाट बघत बसशील?" त्याचा आवाज एकदम चढला. मग त्याने तो उतरवला. "पकडीत हिस्सा देईन. आंद्रिसला होता तेवढाच."

"हिस्सेदाराला रजा नसते," ती म्हणाली. "आजारपणही नसतं. मला ठाऊक आहे, आंद्रिस सांगायचा."

टॉर्किलने खिडकीबाहेर बघितलं. दर वर्षी तिची भरपगारी रजा लिहिताना तो ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपच्या कारभाऱ्यांच्या, नावाने बोटं मोडायचा. ही सगळी तिकडची थेरं, म्हणायचा, आणि रजा मात्र एक दिवसानेही कापायचा नाही.

"तुला असेल," तो म्हणाला. "पूर्वी होती तेवढीच. कुणी सांगितलं म्हणून नाही."

दनूतेने पोशाख उचलून अंगाला लावून पाहिला. बाह्या गुडघ्यापर्यंत येत होत्या.

"ह्या कापाव्या लागतील," ती म्हणाली.

सोमवारी ती पहिल्यांदा होडीवर चढली. खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत ठीक होती, नंतर पिंजऱ्यांची पहिली रांग वर येईपर्यंत तीनदा काठावरून वाकली. टॉर्किलने तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. तो फक्त म्हणाला, "क्षितिजाकडे बघ," आणि ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या क्षितिजाकडे बघा." पिंजरे वर येत गेले. पोटाखाली अंडी असलेल्या माद्या तिने एकेक निवडून परत पाण्यात सोडल्या, बाकीच्या टोपलीत टाकल्या. वारा कानांतून घुसून डोक्यात शिरत होता. मीठ ओठांवर सुकत होतं. दुपारपर्यंत तिची उलटी थांबली, कारण पोटात काही उरलं नव्हतं. एकही पिंजरा मात्र तिने सुटू दिला नाही.

परतीच्या वाटेवर तिने सुकाणूच्या खोलीतल्या बाकावर जरा टेकते म्हटलं. टॉर्किल तिला दुसऱ्या दिवशीच्या भरतीविषयी काहीतरी सांगत होता. उत्तर आलं नाही म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. ती भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तोंड उघडं, कापलेल्या बाह्यांतून लाल झालेले हात मांडीवर पालथे पडलेले.

समोर धक्का दिसत होता. शीना कडेला उभी राहून हात हलवत होती. टॉर्किलने तिला हात केला, मग ओठांवर बोट ठेवलं, जणू इतक्या लांबून ते तिला दिसणार होतं. त्याने इंजिन मंद केलं, आणखी मंद केलं, आणि वळसा घालून होडी परत मोकळ्या पाण्याकडे काढली. उशीर का झाला म्हणून कुणी विचारलंच, तर ओहोटी होती असं सांगता येईल.