मुंगवड्यांची पुरचुंडी

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये बाबांना मिरवणुकीतून पकडून नेलं. ते एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शिपाई त्यांना हंसापुरीतल्या आमच्या घरावरूनच घेऊन गेले. दारात उभ्या असलेल्या आईला ते जाता जाता एवढंच म्हणाले, "घर सांभाळजो. घर टिकलं त मीही टिकीन."

त्यानंतर शहरात संचारबंदी लागली. गल्ली ओस पडली. सकाळी थोडा वेळ मोकळीक मिळायची, तेवढ्यात इतवारीतून काय मिळेल ते आणायचं. रॉकेल मिळेनासं झालं. सुट्या पैशांचा तुटवडा असा, की दुकानदार उरलेल्या पैशांबद्दल चिमूटभर हळद द्यायचा. छापखान्याचा पगार बंद झालाच होता. संचारबंदी उठली, महागाई मात्र बसल्या जागेवरून हलली नाही.

आईनं हातपाय गाळले नाहीत. पुढची खोली तिनं रेल्वेतल्या एका बाबूला भाड्यानं दिली आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत आलो. मी सायन्स कॉलेजात शिकत होते. कॉलेजातून माझं नाव काढायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मग मीही माझ्या परीनं हात लावला. एका लाकडी पेटीत जुना कापूस दाबून भरला. डाळीला चुलीवर चांगली उकळी आली, की भांडं झाकण घालून त्या पेटीत ठेवायचं आणि वरून गोधडी घालायची. उष्णतेला बाहेर जायला वाट नसली, की ती आतच काम करते. तासा-दोन तासांनी डाळ मऊ शिजलेली असायची आणि लाकूड वाचायचं.

शेजारच्या यमुताईंनी भिंतीवरून हे पाहिलं. "वच्छला, डाळीले हिव वाजून राहिलं का वं?"

"निजू द्या तिले, यमुताई," आई म्हणाली. "ते निजली का माहं लाकूड वाचते."

यमुताई पदराआड हसल्या. पुढच्या आठवड्यात त्याच भिंतीवरून म्हणाल्या, "तारा, माह्याही डाळीले एक गोधडी शिवून दे वं."

दिवाळीनंतर नवी ज्वारी बाजारात आली, तेव्हा आईनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या विकल्या. मला धक्का बसला. ती म्हणाली, "सोनं आज तेज आहे अन् जवारी आज सस्ती. उन्हाळ्यात जवारी कोणाच्या हाती लागणार आहे?" मागच्या खोलीतली कोठी काठोकाठ भरली. सोनं कुलपात ठेवायचं असतं हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. आईनं ज्वारीच्या कोठीला कुलूप लावलं.

उमरेडच्या एका शेतकऱ्याची मुलगी शहरात शिकायला होती. तिला मी गणित शिकवायची. फीऐवजी त्यांनी मूग पाठवले. आईनं त्यातले निम्मे बाजूला काढून वड्यांसाठी भिजत घातले, तेव्हा मी वाद घातला.

"आई, वड्या काहून? डाळ आत्ता पोटात गेली पाहिजे. शरीराले लागते ते."

"रोज शिजून नाही राहिली का? हे त्याच्यावरचं होय."

"मंग दोन वाट्या जास्त शिजव."

"वरचं वरच राहू दे. ज्या घरात उद्याचं काही वाळत नाही, ते घर नव्हे वं, धर्मशाळा होय."

वाटलेल्या मुगात आलं, मिरची, जिरं घालून आम्ही बाबांच्या जुन्या धोतरावर ओळीनं वड्या घातल्या. हिवाळ्याचं ऊन कोवळं, म्हणून वाळायला वेळ लागला. मी मांडीवर रसायनाचं पुस्तक घेऊन कावळे हाकलत बसायची.

तेवढ्यात कन्हानहून भैयाजी आले. भैयाजी म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लाकडाचे कंत्राटदार. त्यांनी खटपट करून जेलमध्ये भेटीची परवानगी मिळवली होती. सोबत एक कागदही आणला होता. यापुढे चळवळीत भाग घेणार नाही, अशी हमी त्यात लिहिलेली होती. सही केली, की बाबा सुटणार.

भैयाजी वाईट नव्हते. त्यांना भाऊ घरी हवा होता. "मी मनोहरले सांगतो, घरचे उपाशी मरून राहिले. मंग कसा सही नाही करत पाहू."

"पण आम्ही उपाशी नाही," मी म्हटलं.

"सांगाले काय जाते, पोरी?"

आमच्याकडे जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बाई डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी थेट बोलत नाही. त्यांच्यादेखत नवऱ्याशीही बोलत नाही. आई दाराच्या चौकटीआडून म्हणाली, "तारा, भैयाजींले विचार, असा कागद देऊन आलेला माणूस उद्या आरशात पाहीन का?"

"तारा, तुह्या आईले सांग, आरसा पाहून पोट नाही भरत."

मी दोघांच्या मध्ये उभी राहून नुसती मान वळवत होते. निरोप माझ्याआधीच पोचत होते.

भैयाजी गेल्यावर आई वड्या उलटवायला बसली. बाबा स्वतःची उपासमार सोसतील, आमची सोसणार नाहीत, हे तिला माहीत होतं. भेटीत भैयाजी बोलणार आणि ती त्यांच्यासमोर बाबांशी थेट बोलू शकणार नाही, हेही. यमुताई स्वतःच्या पाटल्या घेऊन आल्या. "घालून जाय. उघडे हात पाहून त्यांचा जीव तुटन."

आईनं त्या परत केल्या. "ते माह्या पाटल्या ओळखतात. दुसऱ्याच्या पाहिल्या त समजतीन का आम्ही काही लपवून राहिलो."

मग तिनं एका स्वच्छ फडक्यात ओंजळभर वड्या बांधल्या.

जेलमध्ये गजांपलीकडे बाबा उभे होते. वाळले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. भैयाजींनी कागद पुढे केला.

"हट्ट सोड गा, मनोहर. घरी चूल पेटत नाही. इचे हातच पाहाय."

बाबांनी आईच्या उघड्या मनगटांकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग गजांतून हात काढून त्यांनी कागद घेतला.

"कलम आहे का?" ते हळूच म्हणाले.

भैयाजी खिसा चाचपू लागले. आई पुढे झाली आणि तिनं पुरचुंडी शिपायासमोरच्या टेबलावर ठेवली. आणलेली वस्तू तपासायची, हा तिथला नियम. शिपायानं गाठ सोडली. पिवळ्या वड्या टेबलावर खडखडल्या.

बाबांचा हात थांबला.

"तारा, ह्या कवाच्या होत?"

"याच महिन्यातल्या, बाबा. मीच कावळे राखले."

"मूग?"

"माझ्या शिकवणीचे."

"अन् पाटल्या?"

आई पदराआडून म्हणाली, "तारा, त्यांले सांग, पाटल्यांची जवारी घेतली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोठीचं बूड दिसत नाही."

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. छापखान्यातून पगार घेऊन यायचे तेव्हाचं. त्यांनी कागदाची घडी घातली. "भैयाजी, हे ठेवून द्या."

"अरे, वड्या पाहून कोणी जेल पत्करते का गा?"

"उपाशी घरात डाळ भिजली का शिजते, भैयाजी. वाळत नाही," बाबा म्हणाले. "माहं घर चालून राहिलं."

शिपायानं वड्या फडक्यात गोळा केल्या. खायचं आत नेता येणार नाही, म्हणाला. आईनं गाठ मारली. ते उघडे हात त्या वेळी मला मोठे देखणे वाटले.

"तारा, त्यांले सांग, आल्यावर भाजी करीन."

"तिले सांग, तिखट कमी नोको करू."

परतताना टांग्यात भैयाजी आईच्या हातातल्या पुरचुंडीकडे पाहत होते. सीताबर्डी मागे पडली. मग घसा खाकरून ते म्हणाले, "तारा, तुह्या आईले विचार, ह्या वड्या आत त जात नाहीत. मंग मले देते का?"

आईनं पुरचुंडी माझ्या हाती ठेवली. "अर्ध्या दे," ती म्हणाली. "अर्ध्या तुह्या बाबांच्या होत."