पाच जिवांचा रंग

केसांचा रंग पंचवीस मिनिटांनी धुवायचा, असं डब्यावर लिहिलेलं असतं. उस्ताद मात्र तो पाच जिवांनी धुवायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, आणि हात असा सफाईदार की लोक त्याचं खरं नाव विसरून त्याला उस्तादच म्हणायचे. पण मोबाइलवरच्या फळं जुळवायच्या खेळाने त्याला पुरतं नादी लावलं होतं. खेळात जीव पाच, आणि एकेक जीव जायला साधारण पाच मिनिटं. पाचही गेले की खेळ बंद पडायचा आणि उस्ताद उठून गिऱ्हाइकाचं डोकं धुवायचा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल त्याने कधीच काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातला होता.

"अहो, हा खेळ एक दिवस तुम्हाला तोंडघशी पाडेल," बायको म्हणायची.

"दोन वर्षांत एक डोकं बिघडलंय का?" हे उस्तादचं ठरलेलं उत्तर.

तो दिवस नेमका हेडसरांच्या निरोप समारंभाचा निघाला. हेडसर म्हणजे उस्तादचे शाळेतले सर. सलून नवं होतं, कोणी डोकं द्यायला धजत नव्हतं, तेव्हा पहिलं डोकं त्यांनी दिलं होतं. उस्ताद ते विसरला नव्हता. आज पाच वाजता सगळी शाळा जमणार, सरांचा फोटो निघणार आणि तो कायमचा शाळेच्या भिंतीवर लागणार होता.

"फार काळं करू नको रे," खुर्चीत बसता बसता सर म्हणाले. "पोरं हसतील."

"सर, तुम्ही फक्त निवांत बसा."

सव्वातीनला रंग लावून झाला. सर कापडाखाली हात घेऊन, त्याची कड जराशी उचलून, मान खाली घालून बसले. उस्ताद दुसऱ्या खुर्चीत टेकला आणि त्याने खेळ उघडला. पडद्यावर एक हसरं कलिंगड नाचत आलं: आज दिवसभर जीव अमर्याद, फक्त तुमच्यासाठी! उस्ताद हरखला. जीवच संपणार नाहीत, तर उठायचं कधी, हा प्रश्न त्या शहाण्याला पडलाच नाही. केळी जुळली, संत्री फुटली. सरांनीही एका शब्दाने हटकलं नाही.

"सर, साडेचार झाले!" शाळेचा शिपाई दारातून ओरडला. "पाहुणे आलेसुद्धा!"

उस्ताद ताडकन उठला. त्याने घाईघाईने सरांचं डोकं धुतलं. केस कोळशासारखे काळेकुट्ट झाले होते, आणि केसांबरोबर कपाळ आणि कानांच्या पाळ्याही.

"सर, मी खेळत बसलो होतो," त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या फोटोची मी माती केली."

तेवढ्यात कापडाखालून आवाज आला, टिंग! संत्रं फुटल्याचा तो आवाज उस्तादने झोपेतही ओळखला असता. सरांनी सावकाश हात बाहेर काढला. हातातल्या मोबाइलवर तेच कलिंगड हसत होतं.

"मलाही अमर्याद मिळाले रे," सर ओशाळून म्हणाले. "फक्त माझ्यासाठीच आहेत, असं लिहिलं होतं."

दोघं पोट धरून हसले. शिपाई येड्यासारखा बघत राहिला. उस्तादने तेलाचा बोळा घेऊन कपाळ घासायला सुरुवात केली.

"आठवीत तुझा तो सेलवरचा बटणांचा खेळ मी जप्त केला होता, आठवतं?" सरांनी विचारलं.

"सुट्टीत देतो म्हणाला होतात. दिला नाहीत."

"कसा देणार? मीच खेळत होतो. तीनदा सेल बदलले." सर जरा थांबले. "उद्यापासून शाळा नाही. दिवसभर करायचं काय, या धास्तीने आठवडाभर हीच फळं फोडतोय बघ."

उस्ताद घासत राहिला. कपाळावरचा रंग निघाला, कानांवरचाही निघाला, केस मात्र तसेच राहिले. "सर, उद्यापासून इकडे या," तो म्हणाला. "रंगाची वेळ सांभाळायला मला भरवशाचं माणूस हवंय."

फोटोत सर स्वतःच्याच धाकट्या भावासारखे दिसले. पोरं मनसोक्त हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने सरच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला सर सलूनमध्ये हजर. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला. स्वतःचा मोबाइल आरशाखालच्या खणात ठेवला आणि उस्तादपुढे हात पसरला. उस्तादने निमूटपणे आपलाही काढून दिला. सरांनी खणाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"सर," उस्तादने आठवीतल्या आवाजात विचारलं, "हा तरी सुट्टीत परत मिळेल ना?"