दगडीच्या गाईचं दूध

“हेही औषध लागू पडलं नाही,” डॉक्टर संयोगिता म्हणाल्या आणि भाऊसो बाकड्यावरून उठून उभा राहिला.

आटपाडीहून सांगलीच्या दवाखान्यात आणलेली त्याची कॉलेजातली लेक उत्कर्षा तापानं फणफणली होती. लघवीतला साधा जंतुसंसर्ग, तो रक्तात गेला होता. एकेक औषध हात टेकत होतं.

“आवं म्याडम, पण औशिदं भारीतली हायती न्हवं?”

“भारीतलीच आहेत. पण या जंतूंना ती पचवायचा गुण आलाय. तो त्यांच्या जनुकांत असतो. तो गुण ते नुसता आपल्या पिलावळीलाच देतात असं नाही, शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूलाही काढून देतात. एका फटक्यात चार औषधं निकामी. घरात कुणी सारखी अँटिबायोटिक घेतं?”

“छ्या! आमी गोळीला शिवत न्हाई. गाईला तेवढी टोचतो, कासेला दगडी झाली की.”

“आणि तिचं दूध?”

भाऊसोची मान ताठ झाली. “डेअरीला एक थेंब घालत न्हाई. लबाडी न्हाई आपल्यात.”

“मग टाकता?”

घ्या! आटपाडीच्या माळावर पाणी सांडताना हात कचरतो, तिथं दूध कोण टाकतंय? कास सुजून दगड झाली की भाऊसो स्वतःच सुई टोचायचा आणि सूज उतरली की उरलेली बाटली पुढच्या खेपेला ठेवायचा. ते दूध मग घरीच. पोरगी अभ्यास करते म्हणून तिला पेलाभर जास्त. जगाला चांगलं आणि पोटच्या पोरीला औषधाचं! जळो मेली ती सचोटी!

“उकळून देत हुतो की वं...”

“उकळून जंतू मरतात, औषधाचा अंश राहतो. तो रोज पोटात गेला की तिथं तग धरतात ते असलेच चिवट जंतू. पण यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. नेमकं कुठून आलं ते सांगता येत नाही.”

बाईंनी भल्या मनानं पळवाट ठेवली होती. भाऊसोला तिच्यातून जाता आलं नाही.

उत्कर्षा आटपाडीला परतली ती शववाहिकेतून.

तेरावं उरकलं आणि गाईला पुन्हा दगडी झाली. या खेपेला भाऊसोनं सरकारी डॉक्टर बोलावला. रोजचं दूध तो गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतायला लागला. शेजारच्या सुलाबाईनं ते पाहिलं आणि तांब्या घेऊन धावत आली.

“आवं भावजी, वततासा कशाला? आमच्या सृष्टीला द्या की. पोर दुदासाटनं रडतीया.”

“न्हाई.”

“उकळून देती की मी.”

“न्हाई म्हनतो न्हवं!”

सुलाबाईनं तांब्या मागं घेतला. “पोरगी काय गेली, मानूसच फिरला. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचं मातीत घालतोय!” ती तणतणत निघाली. तिला सांगायचं तर उत्कर्षाचं नाव घ्यावं लागलं असतं.

त्यानं बादली पालथी केली आणि खोऱ्यानं वर माती ओढली.